मुंबईत सर्फिंग: आधी भरती बघा, लाटेची उंची शेवटी

मुंबईत बोर्ड घेऊन समुद्रावर जाणारे बहुतेक नवे लोक एकाच आकड्यावर घरातून निघतात. अ‍ॅप उघडायचं, लाटेची उंची बघायची, ‘एक मीटर आहे, चला’ म्हणायचं आणि रिक्षा पकडायची. जुहूला पोचल्यावर दिसतं की पाणी पार आत गेलंय, मधे गुडघाभर गढूळ पाण्याचा रुंद पट्टा आहे आणि उभं राहण्याजोगी एकही लाट नाही. कधी याच्या उलट होतं. पाणी भिंतीला टेकलेलं असतं आणि लाट थेट वाळूच्या चढावर आपटत असते. दोन्ही वेळा अ‍ॅपचा आकडा बरोबर असू शकतो. बघण्याचा क्रम चुकलेला असतो.

आपला किनारा सरळसोट उघडा नाही. कुलाबा, मलबार हिल, वरळी, वांद्रे, मढ अशी टोकं समुद्रात घुसलेली आहेत आणि त्यांच्या कुशीत उपसागर आणि खाड्यांची तोंडं आहेत. त्यातच इथलं पाणी उधाणाच्या दिवशी सहा तासांत साडेतीन-चार मीटर चढतं किंवा उतरतं. अशा ठिकाणी बाहेरच्या समुद्रातली उंची किनाऱ्यावर जशीच्या तशी पोचत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: भरती, वारा, लाटेची दिशा, मग पिरियड (दोन लाटांमधला वेळ) आणि उंची, त्यानंतर पाण्याची स्थिती, आणि शेवटी प्रत्यक्ष डोळ्यांनी खात्री. पहिल्या दोन गोष्टींनी वेळ ठरते, तिसरीने किनारा ठरतो, चौथीने जायचं की नाही ते ठरतं.

हा सगळा लेख ऑक्टोबर ते मे या काळासाठी आहे. जून ते सप्टेंबर शिकाऊ माणसाने मुंबईत बोर्ड घेऊन पाण्यात उतरू नये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. या बंदीचा मुख्य हेतू माशांच्या विणीचा असला, तरी समुद्रात मुरलेली माणसंही त्या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात, हे ध्यानात असू द्या.

## निघण्याच्या आठवडाभर आधी

बोर्ड फोमचा, आठ ते नऊ फुटी घ्या. मुंबईच्या लाटा हंगामात लहान आणि कमी ताकदीच्या असतात. आखूड, टणक बोर्ड त्यांवर तरंगत ठेवत नाही, आणि गर्दीत कोणाला लागला तर डोकं फुटतं. लीश, म्हणजे बोर्ड पायाशी जोडणारा पट्टा, बोर्डाच्या लांबीएवढी असावी. तिची वेल्क्रो पट्टी आणि बोर्डाला बांधलेली दोरी हाताने ताणून बघा. खाऱ्या पाण्याने वेल्क्रो हळूहळू पकड सोडतं आणि ते सुटतं नेमकं पाण्यात. फिनचे (बोर्डाखालच्या पंखांचे) स्क्रू घट्ट आहेत का तेही याच वेळी बघा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवा, आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. शंखशिंपल्यांनी, फुटक्या बाटलीने, गंजलेल्या तारेने पाय कापणं आपल्या किनाऱ्यावर नेहमीचं आहे.

पोहता येणं ही अट आहे. तरणतलावात न थांबता दोनशे मीटर पोहता येत नसेल, तर आधी तेवढं करा. बोर्ड म्हणजे तरंगण्याचं साधन आहे असं धरून चालू नका, कारण लीश तुटली की ते तुमच्याजवळ राहत नाही.

सोबत एक माणूस हवाच. त्याने पाण्यात उतरलंच पाहिजे असं नाही. पण तो काठावर उभा राहून तुमच्याकडे बघत असावा, मोबाइलकडे नाही.

## टप्पा १: तिथीवरून भरती काढा

मुंबईत साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कोकणात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटचा शब्द भरतीच्या कोष्टकाचाच. पण कॅलेंडरकडे बघून आठवड्याचा अंदाज बांधायला यापेक्षा सोपं काही नाही.

आता कुठली भरती हवी? जुहू-वर्सोव्यासारख्या पसरट किनाऱ्यावर सगळ्यात कामाचं पाणी म्हणजे चढतं, निम्म्यावर आलेलं. पूर्ण ओहोटीला लाटा दूरवर उथळ पाण्यात एकदम कोसळतात आणि पुढे नुसता फेस सरपटत येतो. उधाणाच्या पूर्ण भरतीला पाणी वरच्या चढावर पोचतं, लाट काठावर आपटते आणि परत फिरणारं पाणी पुढच्या लाटेला भिडतं. मधल्या दोन-तीन तासांत लाट जरा लांबून फुटत येते आणि पडलात तर पायाखाली वाळू सापडते.

हे सकाळच्या वेळेशी जोडून बघा. द्वादशीला पूर्ण भरती नऊच्या सुमारास, चतुर्दशीला साडेदहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. म्हणजे द्वादशीपासून प्रतिपदेपर्यंत, शुक्ल असो की कृष्ण, सकाळी सात ते नऊ पाणी चढतं असतं. तृतीया-चतुर्थीला नेमकी सकाळीच ओहोटी येते आणि पाणी चढेपर्यंत वारा सुटतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, सगळ्यात लहान भरती-ओहोटी असते. पाणी जेमतेम दीड मीटर हलतं, ओढ कमी असते, त्यामुळे अगदी पहिल्यांदा उतरणाऱ्यांना ते दिवस बरे. मात्र सकाळी पाणी उतरतं असेल, हे धरून चला.

पाणी सगळे सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला चार मीटरची चढ धरली तर मधल्या दोन तासांत पाणी दोन मीटर वर येतं. किनाऱ्याचा उतार पन्नास मीटरला एक मीटर असेल, तर पाण्याची कड तासाभरात पन्नास मीटर पुढे सरकते. पिशवी, चपला आणि पाण्याची बाटली कुठे ठेवायची ते यावरून ठरवा. गाडी तर वाळूवर उतरवूच नका.

सावधान: भरतीची उंची आणि लाटेची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आज ४.८ मीटरच्या लाटा’ अशी बातमी वाचली तर ती बहुधा भरतीच्या पातळीबद्दल असते. समुद्राची पातळी नकाशावरच्या ठरावीक तळरेषेपासून ४.८ मीटर वर जाणार, एवढाच तिचा अर्थ. लाटा त्या पातळीच्या वर वेगळ्या येतात. या गोंधळात काही जण शांत दिवशी घरी बसतात आणि काही जण नको त्या दिवशी ‘भरती तर चारचीच आहे’ म्हणून उतरतात.

## टप्पा २: वारा कधी फिरतो ते धरा

शाळेत भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे उपयोगी पडतात. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला थोडा वेळ उभी धरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. साधारण अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुरू होतो, दुपारी वायव्येकडून जोर धरतो आणि सूर्य कलेपर्यंत राहतो. तो सुटला की पाण्यावर सगळीकडे आखूड, वेडीवाकडी उसळण दिसते. अ‍ॅपवर याच वेळी उंची वाढलेली दिसते आणि लोक फसतात, कारण ती वाढ वाऱ्याने जागेवर उठवलेल्या लाटांची असते. त्यांच्यावर उभं राहता येत नाही, नुसता मार बसतो.

मार्च ते मे खारा वारा आणखी लवकर आणि जास्त जोरात सुटतो. त्या महिन्यांत साडेनऊच्या आत पाण्याबाहेर यायचं, असं गणित ठेवा.

तपासणी: भरतीची वेळ आणि वाऱ्याची वेळ कागदावर शेजारी लिहा. दोन्ही जुळणारे निदान दीड तास मिळत नसतील, तर तो दिवस सोडा. लाटेचा आकडा बघायची गरजच नाही.

## टप्पा ३: लाट कुठून येते आणि किनाऱ्याचं तोंड कुठे आहे

अ‍ॅपवरची दिशा म्हणजे लाट जिथून येते ती दिशा. बाण कुठे टेकतो ते बघून उलटा अर्थ लावू नका. ‘वायव्य’ म्हणजे वायव्येकडून आलेली लाट.

थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुंबईकडे बऱ्याचदा वायव्येच्या लाटा येतात. त्यांत ओमान आणि इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्याही असतात. पावसाळ्याचा जोर नैऋत्य ते पश्चिमेचा. एप्रिल-मेमध्ये अधूनमधून दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर आलेल्या नैऋत्येच्या लांब लाटा मिसळतात. तोच किनारा एका दिशेला आडोशाचा आणि दुसऱ्या दिशेला उघडा असतो, आणि हे लक्षात न घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

गिरगाव चौपाटी. बॅक बेचं तोंड नैऋत्येकडे आहे आणि पश्चिम-वायव्येला मलबार हिल आडवी येते. वायव्येची लाट असताना इथे पाणी जवळजवळ सपाट राहतं. जानेवारीत एक मीटरचा आकडा बघून गिरगावला गेलात तर हात हलवत परत याल. नैऋत्येची लाट मात्र थेट आत शिरते. आडोसा पूर्ण आहे असं समजून मे महिन्याच्या अखेरीस इथे उतरणं बरोबर नाही. आणि मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर बोर्ड घेऊन किंवा न घेता, कधीच उतरू नका. दोन ठोकळ्यांच्या फटीत पाणी माणसाला आत ओढतं आणि बाहेरून हात पोचत नाही.

दादर-माहीम. वरळी आणि वांद्र्याच्या टोकांमधला हा उपसागर पश्चिमेला उघडा आहे. दादरला नैऋत्येचा आडोसा वरळीच्या टोकामुळे मिळतो, वायव्येची लाट थोडीफार येते. म्हणजे गिरगावच्या बरोबर उलट. पण टोकांना वळसा घालून आत शिरताना लाट पंख्यासारखी पसरते आणि तिची ताकद लांब काठावर वाटली जाते. शिवाय मिठी नदी इथेच येऊन मिळते. माझं मत स्पष्ट आहे: इथे पाण्यात उतरू नका, पण लाट कशी वळते ते शिकायला वांद्र्याच्या किल्ल्यावर जरूर उभे राहा. टोकाजवळ लाटेची रेष वाकते, खडकाशी उंच होते आणि आतल्या बाजूला पसरत खाली बसते. अर्धा तास हे बघितलं की नकाशावरचा कुठलाही उपसागर वाचता येतो.

जुहू-वर्सोवा. तोंड पश्चिमेला, समोर आडोसा नाही. वायव्येपासून नैऋत्येपर्यंत सगळं इथे पोचतं. तळ वाळूचा आणि उतार सावकाश, त्यामुळे शिकायला मुंबईतला हाच पट्टा. त्यातही मधला भाग निवडा. नाल्यांची तोंडं टाळा आणि वर्सोव्याच्या उत्तर टोकाला, जिथे मालाडची खाडी समुद्राला मिळते, तिथे जाऊ नका. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं आणि हाताने वल्हवून त्याच्याशी जिंकता येत नाही. तिथे कोळ्यांच्या होड्यांची आणि फेरीचीही ये-जा असते.

अक्सा. दिसायला सुंदर, तोंड उघडं. पण बुडण्याच्या घटनांमुळे हा किनारा बदनाम आहे. तळाशी खळगे आणि चर तयार होतात, पाण्याला ओढ असते. नवख्याने इथे बोर्ड घेऊन जाऊ नये.

गोराई-मनोरी. लाट जुहूसारखीच, गर्दी कमी. तीच अडचणही आहे, कारण मदतीला माणूस दूर असतो. मनोरी खाडीचं तोंड टाळण्याचा नियम इथेही लागू. जुहूवर सराव झाल्यावरच इकडे या.

वांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोड खडपांचे आहेत. पूर्वेकडे शिवडी-माझगावला चिखल आणि जहाजांची वाहतूक. दोन्ही यादीतून काढून टाका.

## टप्पा ४: पिरियड, आणि त्यानंतरच उंची

पिरियड म्हणजे एका मागोमाग येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ, सेकंदांत. लाटेत किती ताकद आहे हे उंचीबरोबर यावरही ठरतं. खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणा. सहा सेकंदांची लाट साधारण ५६ मीटर लांब, दहा सेकंदांची १५६, चौदा सेकंदांची तीनशेच्या वर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर. म्हणून लांब लाट फार दूरपासून तळाला घासत, वळत येते आणि काठाशी अचानक उंच होते. आखूड लाट शेवटपर्यंत भोळी दिसते आणि जवळ येऊन विस्कटते.

मुंबईसाठी मी हे असं वाचतो:

पाच-सहा सेकंद म्हणजे वाऱ्याची उसळण. उंची कितीही दिसो, जाऊ नका.

आठ ते दहा सेकंद, उंची अर्धा ते एक मीटर, वारा पडलेला: शिकायला हाच दिवस.

बारा सेकंदांच्या पुढे गेलं की थांबा. उंची ०.७ दाखवत असली तरी दोन सेटच्या (लागोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांच्या) मधे बराच वेळ शांत जातो, माणूस निर्धास्त पुढे जातो आणि मग तीन-चार मोठ्या लाटा लागोपाठ येतात. खडकांवर फोटो काढणारे याच शांततेत फसतात. अशा दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून उंच लाटांचा किंवा स्वेलचा (दूरवरून आलेल्या लांब लाटांचा) इशारा येतो. इशारा असेल तर विषय संपला.

उंचीचा आकडा वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, तो सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. मधूनच एखादी लाट जवळपास दुप्पट येऊ शकते. दोन, तो बहुतेक वेळा खुल्या समुद्रातल्या एखाद्या बिंदूचा असतो. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ फार दूरवर पसरलेला आहे आणि त्याच्याशी घासून लाटेची बरीच ताकद वाटेतच जाते.

दोन उदाहरणं घेऊ. मार्गशीर्ष पौर्णिमा, वायव्य, नऊ सेकंद, ०.७ मीटर. पहाटे पाचच्या पुढे ओहोटी संपलेली, सात ते नऊ पाणी चढतं, मतलई वारा चालू. जुहूचा मधला पट्टा, सकाळी साडेसहाला काठावर. गिरगावला याच सकाळी काही मिळणार नाही. दुसरं: वैशाख चतुर्थी, नैऋत्य, पंधरा सेकंद, ०.८ मीटर, सकाळी नऊला ओहोटी. आकडा जवळपास तोच, पण पाणी चढेपर्यंत वारा सुटणार, लाट लांब पल्ल्याची आणि गिरगावसुद्धा उघडं. या दिवशी घरी राहा.

## टप्पा ५: पाणी उतरण्यालायक आहे का

पाऊस पडून गेल्यावर निदान तीन दिवस थांबा. अवकाळी सरीने नाले भरून वाहतात आणि सगळं चौपाटीवर येतं. अंगावर उघडी जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टीवरही विसंबू नका, त्या दिवशी जाऊच नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाण्यात ओंडके, विसर्जनाच्या मूर्तींचे अवशेष, लोखंडी सळया तरंगत किंवा वाळूत रुतलेल्या असतात, म्हणून हंगामाची पहिली फेरी ओहोटीला चालत मारा आणि पट्टा नीट बघून घ्या. पावसाळ्यात वाळूची मांडणी बदलते. गेल्या मे महिन्यात जिथे उथळ होतं तिथे आता चर असू शकतो.

## टप्पा ६: काठावर वीस मिनिटं

हा टप्पा सगळे गाळतात. पोचल्या पोचल्या पाण्यात धावायची घाई असते आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण आतापर्यंतचा सगळा हिशेब खरा की खोटा ते याच वीस मिनिटांत कळतं.

जरा उंचावर उभे राहा. समोरच्या पाण्यात लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत ते बघा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा दिसला तर तिथे खोल चर आहे आणि काठावर चढलेलं पाणी तिथूनच परत जातंय. शांत दिसतं म्हणून नवखे नेमके तिथेच उतरतात. फेसाचा तुकडा किंवा नारळाची करवंटी कुठे वाहते त्यावर नजर ठेवा. किनाऱ्याला समांतर जोरात सरकत असेल तर तासाभरात तुम्हीही तेवढेच सरकाल.

लाट फुटते तिथली खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वा-दीडपट असते. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाशेजारी लाट फुटत असेल, तर ती अर्ध्या-पाऊण मीटरची आहे. पहिल्या हंगामात याहून मोठी नको.

जाळ्यांचे बोये आणि खुंट शोधा. वर्सोव्याला, मनोरीला खाडीच्या बाहेर डोल जाळी लावलेली असतात. लीश त्यात अडकली तर सुटत नाही, आणि कोळी बांधवांचं नुकसान होतं ते वेगळं. होडीजवळ कोणी असेल तर विचारा, ‘दादा, आज पाण्याला ओढ कुठे आहे?’ हे कुठलंही अ‍ॅप सांगत नाही, आणि विचारणाऱ्याला सहसा आपुलकीने सांगतात.

गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई इथे पालिकेचे जीवरक्षक असतात. त्यांना दिसेल अशा जागी उतरा आणि आधी जाऊन सांगा. लाल झेंडा असेल किंवा त्यांनी, पोलिसांनी मनाई केली असेल तर वाद न घालता परत फिरा.

तपासणी: वीस मिनिटांत निदान दोन सेट पाहिले का? आत जाण्याची आणि बाहेर येण्याची जागा ठरली का? काठावरची एखादी न हलणारी खूण, इमारत किंवा झाड, निवडली का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच पुढे.

## टप्पा ७: पाण्यात उतरताना

लीश काठावर, कोरड्या वाळूत बांधा, मागच्या पायाला. बोर्ड नेहमी अंगाच्या बाजूला धरा, कधीही तुम्ही आणि लाट यांच्या मधे नाही. लाटेने मारलेला बोर्ड थेट छातीवर किंवा तोंडावर येतो. मुंबईत नवख्यांना होणाऱ्या दुखापतींत मी हीच सगळ्यात जास्त पाहिली आहे.

पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे सरका. तळाशी पाकट (स्टिंग रे, चपटा मासा) बसलेलं असेल तर ते हालचालीने निघून जातं. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा घुसतो.

कमरेएवढ्या पाण्यात थांबा. पहिले काही दिवस फक्त फुटून आलेल्या फेसाच्या लाटा घ्या: आधी पालथं झोपून, मग गुडघ्यांवर, मग उभं राहून. हिरव्या, न फुटलेल्या लाटेच्या मागे लगेच लागू नका. पडताना सूर मारू नका, पसरट पडा आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर ठेवा. इथलं पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही, त्यामुळे खोली किती याचा अंदाज नेहमी चुकतो.

दर दहा मिनिटांनी खुणेकडे बघा. सरकला असाल तर पाण्यातून चालत भांडू नका. बाहेर या, वाळूवरून चालत परत जा, पुन्हा उतरा. रविवारी सकाळी जुहूला आंघोळ करणारी मुलं असतात. त्यांच्यापासून लांब राहणं ही तुमची जबाबदारी, त्यांची नाही. तासाभरात बाहेर या. दमलेल्या हातांनी शेवटची लाट घेऊ नका.

## टप्पा ८: ओढीत सापडलात तर

बोर्ड सोडू नका. त्यावर छाती टेकवून तरंगा आणि आधी श्वास ताब्यात आणा. ओढ माणसाला बाहेर नेते, खाली बुडवत नाही. बुडतात ते किनाऱ्याकडे सरळ पोहत दमून गेल्यामुळे. एक हात उंच करून हलवा, म्हणजे काठावरचा सोबती आणि जीवरक्षक बघतील. मग किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे वल्हवत जा आणि तिथल्या फेसाबरोबर आत या.

काठावरच्या सोबत्याने पाण्यात उडी मारू नये. जीवरक्षकाला हाक मारावी आणि फोन करावा: ११२, पालिकेची आपत्ती व्यवस्थापन मदतवाहिनी १९१६, तटरक्षक दल १५५४. हे तिन्ही नंबर आधीच मोबाइलमध्ये साठवलेले हवेत.

## टप्पा ९: बाहेर आल्यावर

गोड्या पाण्याने अंग, कान आणि बोर्ड धुवा. ओरखडे साबणाने धुऊन जंतुनाशक लावा. अंगाला डांबराच्या गोळ्यांचे डाग लागले असतील तर रॉकेल लावू नका, खोबरेल तेलाने चोळून काढा.

निळ्या फुग्यासारखा, जेलीफिशच्या जातकुळीतला प्राणी, म्हणजे ब्लू बॉटल, डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा कापड गुंडाळून काढा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. वाळूने घासणं, लिंबू पिळणं, लघवी करणं यांतलं काही करू नका. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाणीच, आणि लगेच दवाखाना. काटा खोल रुतला असेल तर तो स्वतः ओढू नका. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चेहरा सुजला तर थेट रुग्णालयात जा.

पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना समुद्रात, नाल्याजवळच्या पाण्यात गेलो होतो हे आपण होऊन सांगा. लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) विचार त्यांच्या डोक्यात लवकर येईल.

घरी पोचल्यावर वहीत एक ओळ लिहा: तिथी, उतरल्याची वेळ, पाणी चढतं की उतरतं, अ‍ॅपवरची दिशा-पिरियड-उंची, वारा कधी सुटला, आणि शेजारी प्रत्यक्षात लाट किती दिसली: गुडघा, कंबर की छाती. एका हंगामानंतर या वहीतून तुमच्या पट्ट्याचं स्वतःचं कोष्टक तयार होतं, आणि ‘०.७, नऊ सेकंद, वायव्य’ म्हणजे जुहूला कंबरेएवढी की गुडघ्याएवढी, याचं उत्तर कुणाला विचारावं लागत नाही.